ग्रीष्मातील फलपानके : द्रव्य, मात्रा आणि विवेक

चैत्र सरत आला की नांदेड-लातूरकडे उन्हाची जी धग सुरू होते, ती मृगाच्या पहिल्या सरीपर्यंत उतरत नाही. पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो, रात्रीही भिंती तापलेल्या राहतात आणि चिकित्सालयात तृष्णा, दाह, भ्रम, मूत्रकृच्छ्र, छर्दी व अतिसाराच्या रुग्णांची गर्दी होते. तपासणी होते, औषधाच्या पुड्या बांधून होतात, आणि रुग्ण उठता उठता विचारतो, “डॉक्टरसाहेब, थंड काय घेऊ?” आपण सहज सांगून जातो, “पन्हे घ्या, फळांचे सरबत घ्या.” प्रस्तुत लेख या अखेरच्या वाक्याविषयी आहे. चूर्णाची मात्रा आपण ग्रॅममध्ये लिहितो, काढ्याचे पाणी मोजून सांगतो; पानक मात्र तोंडी सांगतो, आणि तेही प्रमाणाशिवाय.

या विषयाकडे माझे लक्ष गेले ते एका चुकीमुळे, आणि ती चूक माझीच होती. काही वर्षांपूर्वी एक सेवानिवृत्त शिक्षक वैशाखात दाह व थकव्याची तक्रार घेऊन आले. मधुमेह जुना, परंतु आटोक्यात. औषध देऊन मी म्हणालो, “गुरुजी, उन्हाचे दिवस आहेत, पन्हे घेत जा.” तीन आठवड्यांनी ते परत आले तेव्हा तृष्णा दुप्पट, मूत्रप्रवृत्ती रात्रीतून पाच-सहा वेळा आणि रक्तशर्करा फार वाढलेली. विचारपूस करता कळले की घरी गुळाचे पन्हे करून ते रोज चार मोठे पेले घेत होते. तहान वाढली की आणखी एक पेला. “साखर नाही घेतली साहेब, गूळच घातला. आणि तुम्हीच सांगितले होते ना?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तृष्णेवर उपाय म्हणून सांगितलेल्या द्रव्यानेच तृष्णा वाढविली होती, आणि त्यात दोष पन्ह्याचा नव्हता. मी कल्पना सांगितली होती, मात्रा सांगितली नव्हती.

‘कॉकटेल’ आणि पानक

आज नांदेड-लातूरच्या ज्यूस सेंटरच्या फलकावर ‘कॉकटेल’ हा शब्द सर्रास दिसतो. पपई, अननस, चिकू, केळी, त्यात दूध, वर आइस्क्रीम असा तो पेला असतो. मूळ शब्द मात्र मद्याचा आहे. १८०६ साली अमेरिकेतील एका वृत्तपत्राने कॉकटेलची व्याख्या छापली. तीत मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क ही चार द्रव्ये सांगितली होती. फळांचे रस त्यात पुढे मिसळले गेले, आणि आपल्याकडे शब्द आला तो मद्य गळून केवळ फळांच्या मिश्रणासाठी.

आपल्या शास्त्राची वाट नेमकी उलट आहे. शार्ङ्गधरांनी मन्थकल्पनेत खर्जूर, दाडिम, द्राक्षा, तिंतिडीक, अम्लिका, आमलकी व परूषक या फळांचा एकत्र मन्थ सांगितला, तो सर्व मद्यविकारांच्या नाशासाठी. वाग्भटांनी ग्रीष्मात मद्य टाळावे, घेणे भागच असेल तर अल्प व भरपूर पाणी घालून घ्यावे असे सांगितले, आणि त्याच ऋतुचर्येत नव्या मातीच्या भांड्यातील पंचसार पानकाची योजना केली. तेव्हा अनेक फळांचे मिश्रण ही आपल्याला नवी गोष्ट नाही. नवीन आहे ते मिश्रणामागचा विचार सुटणे.

हा विचार सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या अन्नपानविधीत थोडक्यात सांगून ठेवला आहे. गुळाचे, द्राक्षांचे, परूषक व बोरांचे अशी पानके सांगून झाल्यावर ते म्हणतात की द्रव्यांचा संयोग, त्यांवरील संस्कार आणि मात्रा या सर्वांचा विचार करूनच पानकाचे गुरुत्व वा लघुत्व ठरवावे. म्हणजे पन्हे गुणकारी की अपायकारक, हा प्रश्न असा सुटा विचारताच येत नाही. कोणते, कसे केलेले, किती आणि कोणासाठी, हे विचारावे लागते. पुढील सर्व विवेचन याच सूत्राचा विस्तार आहे.

संहितांतील फळांचे विभाजन

चरकाचार्यांनी पन्नास महाकषायांत फळांची जी मांडणी केली आहे, ती पानकाच्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. हृद्य गणात आम्र, आम्रातक, लकुच, करमर्द, वृक्षाम्ल, अम्लवेतस, कुवल, बदर, दाडिम व मातुलुंग अशी प्राय: अम्ल फळे आहेत. श्रमहर गणात द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गु, परूषक, इक्षु, यव व षष्टिक अशी प्राय: मधुर द्रव्ये आहेत. तृष्णानिग्रहण गण पाहिला तर मात्र त्यात गोड फळ एकही नाही. तेथे शुंठी, धन्वयवासक, मुस्ता, पर्पटक, चंदन, किराततिक्त, गुडूची, ह्रीबेर, धान्यक व पटोल आहेत.

ही मांडणी बोलकी आहे. उन्हातून चालून आलेल्या, घाम गाळलेल्या माणसाचा श्रम मधुर फलपानकाने जाईल. अरुची असलेल्याला अम्ल पानक रुचेल. परंतु तृष्णा हाच ज्याचा व्याधी आहे, त्याला गोड पाणी नव्हे, तर षडंगोदकासारखे तिक्त, सुगंधी द्रव्यांनी सिद्ध केलेले पाणी हवे. माझ्या गुरुजींना मी श्रमहराचे द्रव्य तृष्णेसाठी सांगितले होते.

आपल्या परिसरातील द्रव्ये

पानकासाठी दूरची फळे आणावी लागत नाहीत. लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर या दोन्हींना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भावमिश्रांनी कृतान्नवर्गात सांगितलेल्या पानकांत अम्लिकापानक व धान्यकपानक ही दोन्ही आहेत, हा योग वैद्याच्या लक्षात यावा असा आहे. (धान्यकपानकास कोथिंबिरीची पाने नव्हे, तर धने घ्यावयाचे, हे रुग्णास स्पष्ट सांगावे.) मराठवाड्याच्या केशर आंब्यालाही मानांकन आहे. नांदेडकडे अर्धापूरच्या केळीचा लौकिक आहे. किनवट-माहूरच्या वनात मोह आहे, आणि पंचसारातील पाच द्रव्यांपैकी मधूक म्हणजे तीच मोहाची फुले. उरलेली द्राक्षा, खर्जूर, काश्मर्य म्हणजे शिवणीची फळे आणि परूषक म्हणजे फालसा.

लोकाचारातही पानक टिकून आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद या तालुक्यांच्या सीमेपलीकडे तेलंगणात रामनवमीला गूळ, सुंठ, मिरी व वेलदोडा घातलेले पेय करतात. त्याचे नावच ‘पानकम्’ आहे. उगादीला नवी चिंच, कैरी, गूळ व कडुनिंबाचा मोहोर एकत्र करून पच्चडी करतात. शीख समाजात गुरू अर्जनदेवांच्या शहीदी दिनी भर उन्हाळ्यात वाटसरूंना गोड थंड पाणी पाजण्याची, छबीलची, परंपरा आहे. नांदेडकरांस ती नव्याने सांगावयास नको. पाणपोई आणि पन्हे या एकाच धर्माच्या दोन बाजू आहेत.

घरी करावयाची पाच पानके

पुढील प्रमाणे ग्रंथोक्त कल्पनांवर आधारलेली असून घरगुती मापात बसविली आहेत. पेला म्हणजे २०० मिलि आणि चहाचा सपाट चमचा म्हणजे सुमारे ५ ग्रॅम साखर, असे धरावे.

१. आम्रपानक (पन्हे) : भावप्रकाशात हे भीमसेनाने निर्मिलेले श्रेष्ठ प्रपानक म्हटले असून ते तत्काळ रुची देणारे, बल्य व इंद्रियतर्पक आहे. दोन मध्यम कैऱ्या पाण्यात उकडाव्यात, साल-कोय काढून गर हाताने चांगला कुस्करावा व गाळून घ्यावा. त्यात १०० ग्रॅम खडीसाखर, मिरपूड चिमूटभर, एका वेलदोड्याची पूड व गार पाणी घालून एकूण एक लिटर करावे. पाच पेले होतात. एका पेल्यात सुमारे २० ग्रॅम साखर येते. ग्रंथात शर्करा आहे, घरोघरी गूळ घालतात. पित्तप्रकृतीस व दाह असता खडीसाखरच बरी. गूळ घ्यावयाचा तर जुना घ्यावा. ग्रंथोक्त कर्पुराविषयी पुढे लिहिले आहे.

२. अम्लिकापानक : पिकलेली, बिया काढलेली चिंच ३० ग्रॅम, कोमट पाण्यात तासभर भिजवून कुस्करावी व गाळावी. खडीसाखर ७५ ग्रॅम, दोन लवंगांची पूड, मिरपूड चिमूटभर, पाणी एकूण ७५० मिलि. हे वातनाशक, रुचिकर व अग्निबोधक, परंतु किंचित् पित्तकफकर असे ग्रंथकार म्हणतात. अम्लपित्त, मुखपाक, रक्तपित्त व त्वग्विकार असलेल्यांना ते देऊ नये.

३. निंबूकपानक : एक भाग लिंबाचा रस, सहा भाग शर्करोदक, वर लवंग व मिरी. दोन लिंबांचा ४० मिलि रस निघाला तर २४० मिलि साखरपाणी. त्या पाण्यात साखर किती, हे ग्रंथकारांनी वैद्यावर सोपविले आहे. मी १०० मिलिस दोन चमचे पुरेसे समजतो. हे वातघ्न, दीपन व पाचक आहे. जेवणानंतर अर्धा पेला ही त्याची योग्य जागा आहे.

४. धान्यक हिम : धने भरड कुटून २५ ग्रॅम, पाणी १५० मिलि, म्हणजे हिमकल्पनेचे एकास सहा हे प्रमाण. मातीच्या भांड्यात रात्रभर झाकून ठेवावे, सकाळी गाळून अर्धा चमचा खडीसाखर घालून घ्यावे. अंतर्दाह व तृष्णा यांवर शार्ङ्गधरांनी सांगितलेला हा योग इतका सोपा आहे की आपण तो सांगावयास विसरतो. मधुमेहीस साखरेवाचून देता येतो, हा त्याचा मोठा गुण.

५. खर्जूरादि मन्थ : मन्थाचे प्रमाण एकास चार. सर्व द्रव्ये समभाग घेतल्यास फार आंबट होते, म्हणून घरगुती उपयोगासाठी मी पुढील प्रमाण ठेवले आहे : बी काढलेला खजूर १५ ग्रॅम, मनुका १५ ग्रॅम, डाळिंबाचे दाणे १० ग्रॅम, आवळा ५ ग्रॅम, चिंच व आमसूल मिळून ५ ग्रॅम. तिंतिडीकाच्या ओळखीविषयी मतभेद आहेत. येथे आमसूल सोयीचे पडते. फालसा मिळाल्यास तोही पाच-सहा दाणे घालावा. सर्व दोन तास २०० मिलि पाण्यात भिजवून मातीच्या भांड्यात कुस्करावे, रवीने घुसळावे व गाळावे. मात्रा दोन पल, म्हणजे सुमारे १०० मिलि. वरून साखर घालण्याची आवश्यकता नाही. ऊन लागून गळून गेलेल्या, अन्नावर वासना नसलेल्या रुग्णास हा मन्थ उत्तम लागू पडतो असा माझा अनुभव आहे.

बेलाचे सरबतही अलीकडे फार लोकप्रिय झाले आहे व ते पाचक म्हणून सांगितले जाते. चरकांनी मात्र पक्व बिल्व दुर्जर व दोषल म्हटले असून दीपन गुण बालबिल्वाचा सांगितला आहे. पिकलेल्या बेलाचा घट्ट गोड पेला मंदाग्नीच्या रुग्णास देताना हा भेद विसरू नये.

अननस, पपई, पेरू, चिकू ही फळे अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आली. बृहत्त्रयीत ती नाहीत. त्यांना निषिद्ध मानण्याचे कारण नाही, तसेच ‘नैसर्गिक’ म्हणून मोकळे सोडण्याचेही नाही. रस, गुण, वीर्य, विपाक पाहून त्यांची योजना करावी, आणि एका पेल्यात पाच-सहा फळे कोंबण्यापेक्षा एक मुख्य फळ, एक अम्ल व एक दीपन द्रव्य एवढेच ठेवावे.

फळ आणि दूध

फळांच्या पेल्यात दूध घालण्याची रीत हा आपल्या समोरचा कठीण प्रश्न आहे, कारण शिकरण मराठी घरात पिढ्यान् पिढ्या खाल्ले जाते. चरकांनी आत्रेयभद्रकाप्यीय अध्यायात दुधाशी विरुद्ध फळांची जी यादी दिली आहे, तीत आम्र, मातुलुंग, मोच, जांभूळ, कपित्थ, पनस, नारिकेल, दाडिम, आमलक आणि एकूणच सर्व अम्ल द्रव्ये येतात. सुश्रुतांनीही केळे दूध, दही वा ताक यांसह विरुद्ध मानले आहे. दुसरीकडे भावमिश्रांनी पिकलेल्या गोड आंब्याचा दुधासह संयोग वातपित्तहर, बृंहण व वर्ण्य म्हणून गौरविला आहे. म्हणजे चरकोक्त निषेध आंबट आंब्यासाठी, आणि पूर्ण पिकलेला मधुर आंबा हा अपवाद, अशी संगती लावता येते.

व्यवहारात मी असे सांगतो : त्वग्विकार, पीनस, श्वास, आमवात यांच्या रुग्णांनी फळ व दूध एकत्र घेऊ नये. निरोग्यास पक्व आमरसात दूध चालेल. अननस, मोसंबी, डाळिंब, स्ट्रॉबेरी यांच्यात दूध कोणीच घालू नये. शिकरणाची सवय असलेल्या सुदृढ माणसाला घाबरवू नये. सात्म्य हाही शास्त्रातलाच विचार आहे.

पाणी, बर्फ आणि पात्र

पानकात फळापेक्षा पाणी जास्त असते, हे लातूरकरांना वेगळे सांगावयास नको. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे शहरात आली. त्या उन्हाळ्याने पाण्याचे मोल शिकविले, तसे पाण्याविषयी शंका घ्यावयासही शिकविले. टँकरचे वा साठवणीचे पाणी न उकळता केलेले पन्हे हे कामला व अतिसाराचे निमंत्रण ठरू शकते. पानकासाठी पाणी उकळून, मातीच्या माठात गार करूनच घ्यावे. शृतशीत जलाचा हा नियम आज अधिकच लागू आहे.

बर्फाचेही तसेच. मासे व माल टिकविण्यासाठी केलेला बर्फ खाण्यासाठी नसतो. तो ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग मिसळण्याचे आदेश महाराष्ट्रात २०१८ साली निघाले. गाड्यावरील बर्फाविषयी शंका असेल तर माठाचा गारवा बरा. पात्राविषयी वाग्भटांनी नवे मातीचे भांडे सांगितले आहे. आंबट पानक कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात कधीही ठेवू नये. मातीचे, काचेचे वा स्टीलचे घ्यावे. केलेले पानक त्याच दिवशी संपवावे. फळ, साखर, उष्णता आणि काळ एकत्र आले की संधान सुरू होते, हे आसवारिष्टे करणाऱ्या आपल्याला ठाऊकच आहे.

कोणास द्यावे, कोणास देऊ नये

मधुमेही : गूळ, साखर, मध, फळांचा रस या सर्वांनी रक्तशर्करा वाढते, गुळाला सूट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनात वरून घातलेल्या साखरेसह फळांच्या रसातील साखरही मुक्त शर्करेत धरली आहे, आणि दिवसाला सुमारे २५ ग्रॅमपर्यंत मर्यादा ठेवणे हितकर म्हटले आहे. पन्ह्याच्या एका पेल्यात २० ग्रॅम साखर, तर चार पेल्यांत ८०. गुरुजींचे काय झाले ते यावरून उमगेल. अशा रुग्णास धान्यक हिम, षडंगोदक, पातळ ताक किंवा लिंबू व किंचित् सैंधव घातलेले बिनसाखरेचे पाणी सांगावे. जांभळाचा रस घेतला म्हणून चालू औषध थांबवू नये, हेही बजावावे.

वृक्कविकारी : नारळपाणी, केळे, मोसंबी, डाळिंब यांत पोटॅशियम भरपूर असते. वृक्कांची शक्ती क्षीण झालेल्या रुग्णात ते साठून हृदयगतीस धोका होतो. ‘थंड’ म्हणून अशांना शहाळे सांगण्याची चूक जिवावर बेतू शकते. द्रवाचे प्रमाणही त्यांच्या तज्ज्ञाने ठरविलेले असेल तेवढेच.

श्रमिक : शेतात, वीटभट्टीवर वा रस्त्याच्या कामावर राबणाऱ्यांच्या घामातून लवण जाते. ग्रीष्मात लवण कमी घ्यावे हा सामान्य नियम खरा, परंतु येथे पन्ह्यात लिटरला अर्धा चमचा सैंधव घालणे युक्त आहे. घरी बसून असलेल्या रक्तदाबाच्या रुग्णास तेच वर्ज्य.

अतिसार व छर्दी : येथे पन्हे हे जलसंजीवनीचा पर्याय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. वरील पन्ह्यात लिटरला १०० ग्रॅम साखर आहे, म्हणजे सातपटीहून अधिक. इतके गोड पाणी आतड्यात पाणी ओढून घेते व अतिसार वाढवते. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे घरगुती प्रमाण द्यावे. लहान मुलांच्या बाबतीत तर काटेकोरपणे.

उष्माघात : अंग तापलेले, असंबद्ध बोलणे, झापड वा मूर्च्छा ही लक्षणे दिसताच सावलीत नेऊन अंग पाण्याने ओले करावे, वारा घालावा व तत्काळ रुग्णालयात पाठवावे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पन्हे, पाणी वा कांद्याचा रस काहीही ओतू नये. ते श्वासमार्गात जाते.

औषधी भांडारचालकांसाठी

रुग्ण वैद्यापेक्षा दुकानदारास अधिक वेळा भेटतो, म्हणून चार गोष्टी.

पहिली, लेबल वाचून विक्री करावी. अन्नविषयक मानकांनुसार स्क्वॅशमध्ये फळांचा अंश किमान २५ टक्के लागतो. कृत्रिम सरबतात मात्र तो नसला तरी चालतो, आणि त्यात विद्राव्य घटक, म्हणजे मुख्यत: साखर, ६५ टक्के असतात. अशा सरबताच्या ३० मिलित सुमारे २५ ग्रॅम साखर जाते. वाळा वा गुलाब या नावाने ते ‘आयुर्वेदिक थंडाई’ म्हणून मागणाऱ्या ग्राहकाला हे सांगितले पाहिजे.

दुसरी, जलसंजीवनी मागितल्यावर जलसंजीवनीच द्यावी. नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे मिरवणाऱ्या गोड पेयांवर केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली. जुना माल शेल्फवर असेल तर तो काढावा.

तिसरी, कर्पूर. ग्रंथोक्त पानकांत कर्पूर आहे म्हणून ग्राहक तो मागतो. पूजेचा कापूर खाण्याचा नाही; मुलांच्या पोटात तो अल्प प्रमाणात गेला तरी आक्षेपक येऊ शकतात. माझे मत असे की घरगुती पानकात कर्पूर घालूच नये, सुगंधासाठी वेलदोडा पुरेसा आहे.

चौथी, स्वत: पानक तयार करून बाटलीत भरून विकावयाचे असेल तर ते औषध परवान्यात बसत नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी वा परवाना लागतो, आणि ग्रंथोक्त आहारकल्पनांसाठी २०२२ पासून ‘आयुर्वेद आहार’ विनियम आहेत. जांभळाच्या रसावर ‘मधुमेह बरा करतो’ असे छापणे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्यानेही निषिद्ध आहे.

समारोप

वैद्यमित्रहो, पानक ही चिकित्सेच्या शेवटी बोलण्याची औपचारिक गोष्ट नाही. ती एक कल्पना आहे, आणि कल्पना म्हटली की द्रव्य, प्रमाण, संस्कार, काल, पात्र आणि मात्रा ही सहा अंगे आलीच. येत्या ग्रीष्मात आपल्या औषधपत्रावर शेवटची एक ओळ राखून ठेवावी, अशी विनंती आहे. त्या ओळीत पानकाचे नाव, पेल्याचे माप, साखर किती, सैंधव घालावे की नाही, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस एवढे लिहावे. ज्याला द्यावयाचे नाही, त्याच्या कागदावर ‘गोड पानक वर्ज्य’ असेही लिहावे. लिहावयास अर्धे मिनिट लागते.

गुरुजींची गोष्ट अर्धी राहिली. त्यांची पन्ह्याची सवय मी बंद केली, मधुमेहाच्या औषधांचा त्यांच्या तज्ज्ञांकडून फेरविचार करविला आणि सकाळी बिनसाखरेचे धान्यक हिम सुरू केले. तृष्णा काही दिवसांत उतरली, शर्करा यथावकाश पूर्वपदावर आली. पुढच्या वर्षी अक्षय्यतृतीयेच्या आसपास ते आले, खिशातून वही काढली आणि म्हणाले, “साहेब, यंदा काय प्यायचे ते लिहूनच द्या. किती, तेही लिहा.” वर्गात आयुष्यभर मुलांना प्रमाण शिकविलेल्या माणसाने ते मला शिकविले होते. तेव्हापासून मी ते लिहून देतो.